पुराचा पंचनामा होतो, बंदचा का नाही?

कृष्णाकाठच्या माणसाला सरकारी दप्तरातले एक काम चांगले ठाऊक असते, ते म्हणजे पंचनामा. पाणी ओसरले की चिखलातून वाट काढत तलाठी येतो, ग्रामसेवक येतो. भिंत किती पडली, धान्य किती भिजले, जनावरे किती गेली, हे लिहून घेतले जाते. त्यात वशिला चालतो, नोंदी अपुऱ्या राहतात, मदत हाती पडेपर्यंत दुसरा पावसाळा तोंडावर येतो, हे सगळे खरे. तरीही नुकसान झाले आहे आणि त्यातला काही भार उचलणे आपले काम आहे, एवढे सरकार त्या कागदावर मान्य करते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर चढले, तेव्हा हे झाले. २०२१ च्या जुलैतल्या पुरानंतरही झाले.

या दोन पुरांच्या मधल्या काळात याच माणसांचे आणखी एक मोठे नुकसान झाले. ते पाण्याने केले नव्हते, आदेशाने केले होते. दुकान बंद, आठवडेबाजार बंद, यात्रा बंद, एस. टी. बंद. त्या नुकसानीचा पंचनामा करायला मात्र कोणी आले नाही. करोनाच्या काळातल्या राजकीय वादांकडे आज मागे वळून पाहताना मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तो त्या वादांत जवळजवळ कोणीच मांडला नव्हता.

वाद कशावर झाले ते आठवून पाहू. २४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली आणि ती चार तासांत लागू झाली. काँग्रेस व तिच्या मित्रपक्षांनी म्हटले की, गरिबाचा विचार न करता, कोणतीही तयारी न करता हा घाव घातला गेला. वर्षभराने, १४ एप्रिल २०२१ पासून, याच पक्षांचा सहभाग असलेल्या महाविकास आघाडी सरकारने राज्यात कडक निर्बंध लावले. आता गरिबाचा कळवळा येण्याची पाळी भारतीय जनता पक्षाची होती. त्याच्या चार दिवस आधी साताऱ्यात खासदार उदयनराजे भोसले थाळी घेऊन रस्त्यावर बसले, टाळेबंदीविरोधात त्यांनी ‘भीक मांगो’ आंदोलन केले आणि थाळीत पडलेले ४५० रुपये प्रशासनाला देऊ केले. छत्रपतींच्या वंशजाच्या हातातली थाळी देशभर छापून आली. पण त्याच महिन्याच्या अखेरीस, जत तालुक्याची हद्द ओलांडली की लागणाऱ्या कर्नाटकात, भाजपच्याच सरकारने सगळे व्यवहार बंद केले. लेखणी ज्याच्या हाती, तो बंदच्या बाजूने आणि ज्याच्या हाती नाही, तो दुकानदाराच्या बाजूने, असा हा सरळ हिशेब होता. जीव महत्त्वाचा की जीविका, असा मोठा तात्त्विक आव आणून जे भांडण चालले होते, त्यात बंदचा खर्च कोणी सोसायचा हा साधा, घरगुती प्रश्न दोन्ही बाजूंनी टाळला.

साथीत काहीही बंद करायला नको होते, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. सांगली जिल्ह्याला तर तसे म्हणताच येणार नाही. मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात (आताचे ईश्वरपूर) परदेशातून आलेल्या एका कुटुंबात लागण झाली आणि बघता बघता त्यांच्या निकटच्या संपर्कातले पंचवीसच्या आसपास लोक बाधित निघाले. शहराच्या सीमा बंद केल्या, संपर्कातल्या माणसांना वेगळे ठेवले, मिरजेच्या शासकीय रुग्णालयात स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली आणि ती साखळी गावभर पसरण्यापूर्वी तुटली. वेळेवर आणि नेमक्या जागी केलेला बंद जीव वाचवतो, याचा हा पुरावा आपल्या दारातलाच आहे. माझा मुद्दा निराळा आहे. जो बंद सर्वांच्या जिवासाठी केला, त्याची किंमत सर्वांनी का मोजली नाही?

ती कोणी मोजली, ते या दोन जिल्ह्यांत कोणालाही विचारावे. मार्च-एप्रिल म्हणजे तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षांचा ऐन हंगाम. २०२० मध्ये माल वेलीवर तयार असताना व्यापारी फिरकेनासे झाले, वाहतूक थांबली, आणि खाण्याची द्राक्षे शेडवर टाकून त्यांचा बेदाणा करण्याखेरीज अनेकांना गत्यंतर उरले नाही. विटा-खानापूर-आटपाडीकडची आणि माण-खटावची जी माणसे गलाईच्या धंद्यासाठी देशभरच्या सराफ बाजारांत पसरली आहेत, त्यांच्या भट्ट्या विझल्या. मुंबईत डोक्यावर ओझी वाहणारे पाटण-जावळीचे माथाडी गावी परतले, तेव्हा काही ठिकाणी वेशीवर आडवे बांबू बांधलेले होते. महाबळेश्वरचे घोडेवाले आणि टॅक्सीवाले दोन उन्हाळी हंगाम हात बांधून बसले. गावोगावच्या चैत्रातल्या यात्रा २०२० मध्ये भरल्या नाहीत, २०२१ मध्येही नाहीत. आणि यात्रा नाही म्हणजे तमाशाच्या फडाला सुपारी नाही, पाळण्यावाल्याला आणि मेवामिठाईवाल्याला वर्षाची कमाई नाही. सलूनचे उदाहरण तर डोळ्यांत भरण्यासारखे आहे. मार्च २०२० मध्ये पडलेले शटर २८ जूनला वर गेले, तेही फक्त केस कापण्यासाठी, दाढीला परवानगी नव्हती. ५ एप्रिल २०२१ ला ते पुन्हा खाली आले.

दुसऱ्या बाजूला माझ्यासारखा निवृत्त माणूस होता. माझे पेन्शन एकदाही चुकले नाही. घरात बसून, खिडकीतून रस्त्याकडे पाहत, लोक ऐकत नाहीत, पोलिसांनी आणखी कडक व्हायला हवे, असे म्हणायची मला पूर्ण मोकळीक होती, कारण त्या कडकपणाचे बिल माझ्या नावावर येत नव्हते. राज्याच्या आर्थिक पाहणीने २०२०-२१ साठी जो अंदाज दिला, त्यात राज्याची अर्थव्यवस्था एकूण ८ टक्क्यांनी, सेवा क्षेत्र ९ टक्क्यांनी आकसेल आणि शेती व संलग्न क्षेत्र मात्र ११.७ टक्क्यांनी वाढेल, असे म्हटले होते. सरासरीचे आकडे असे सभ्य असतात. वेलीवर तयार झालेला माल आणि त्याचे हातात न आलेले पैसे, हा फरक त्यांत दिसत नाही.

मदत झालीच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. केंद्राने एप्रिल २०२० पासून रेशनवर माणशी पाच किलो धान्य मोफत दिले आणि त्याने कित्येक चुली पेटत्या राहिल्या. राज्याने शिवभोजन थाळी दहा रुपयांवरून पाच रुपयांवर आणली. एप्रिल २०२१ मध्ये ५,४७६ कोटींचे पॅकेज जाहीर करून नोंदणीकृत बांधकाम कामगार, परवानाधारक रिक्षाचालक, फेरीवाले यांना दीड-दीड हजार रुपये देऊ केले. त्या यादीत सलूनवाला नव्हता, फडातला ढोलकीवाला नव्हता. बाकी जे दिले, ते बहुतांशी कर्ज होते. फेरीवाल्यांसाठी केंद्राची योजना आली ती दहा हजारांच्या कर्जाची. लहान उद्योगांसाठी हमी आली तीही कर्जाचीच. बँकांच्या हप्त्यांना ऑगस्ट २०२० अखेरपर्यंत सवलत मिळाली, पण व्याजाचे मीटर चालूच राहिले. व्याजावरचे व्याज तरी घेऊ नका, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला मार्च २०२१ उजाडावा लागला. उपाशी माणसाला अन्न देणे हे पुण्य आहे आणि गरजूला कर्ज देणे हा व्यवहार. आपल्या आदेशाने झालेले नुकसान भरून देणे, याला न्याय म्हणतात. पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे कमीअधिक झाल्या, तिसरीचे नावही निघाले नाही.

या विसंगतीचे सर्वांत बोलके चित्र ऑगस्ट २०२१ च्या पहिल्या आठवड्यात दिसले. २ तारखेला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे सांगली जिल्ह्यातल्या पूरग्रस्त गावांत फिरत होते. त्याच दिवशी निघालेल्या आदेशात राज्याच्या बहुतेक भागातले निर्बंध सैल झाले, मात्र सांगली, सातारा, कोल्हापूर धरून अकरा जिल्ह्यांत ते तसेच राहिले: इतर दुकाने दुपारी चारपर्यंत, शनिवार-रविवार बंद. दुसऱ्याच दिवशी, ३ तारखेला, मंत्रिमंडळाने ११,५०० कोटींचे पूर पॅकेज मंजूर केले. त्यात पाणी शिरलेल्या दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, कमाल ५० हजार रुपये आणि टपरीवाल्याला कमाल १० हजार रुपये देण्याची तरतूद होती. ती योग्यच होती. पण आता एकाच रस्त्यावरच्या दोन टपऱ्या डोळ्यांसमोर आणा. एक सखल भागात, तिच्यात पाणी शिरले. दुसरी जरा चढावर, ती कोरडी राहिली. पाण्याने एकीचे आठवडाभराचे नुकसान केले, आदेशांनी दोघींचे दीड वर्ष नुकसान केले. पहिलीचा पंचनामा झाला. दुसरीच्या दारात शासन आले ते वेळेनंतर शटर उघडे दिसले म्हणून दंडाची पावती फाडायला.

याचे मूळ कायद्यात आहे. करोनात जो साथरोग कायदा वापरला, तो १८९७ चा, मुंबईच्या प्लेगच्या वेळचा. त्याच प्लेगात पुण्यात रँडसाहेबाच्या अंमलाखाली गोऱ्या सोजिरांनी घरे झडली, सामान जाळले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकरांच्या गोळ्या सुटल्या. हा रँड पुण्याला येण्यापूर्वी साताऱ्यात असिस्टंट कलेक्टर होता आणि १८९४ च्या वाई प्रकरणात प्रतिष्ठित नागरिकांना तुरुंगात धाडून त्याने आपली ओळख आधीच करून दिलेली होती. कायदाही त्याला शोभेसाच होता. अवघ्या चार कलमांचा. आदेश मोडणाऱ्याला शिक्षा, आदेश बजावणाऱ्याला दाव्यापासून अभय. आणि खर्चाबद्दल एवढेच की, तो कोणी सोसायचा हे सरकार ठरवील, भरपाई द्यायची झाल्यास तिच्यासह. त्या ‘झाल्यास’मध्ये आपण सव्वाशे वर्षे अडकून पडलो आहोत.

२०२० मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. आरोग्य कर्मचाऱ्यावर हल्ला करून कोणी मालमत्तेची हानी केली, तर त्याने बाजारभावाच्या दुप्पट भरपाई द्यावी, असे ठरले. ते आवश्यकच होते. पण नागरिकाने केलेल्या नुकसानीचा दर ठरवणाऱ्या हाताने सरकारी आदेशाने होणाऱ्या नुकसानीचे ‘झाल्यास’ तसेच ठेवले. २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा, ज्याच्या आधारे देशभर टाळेबंदी झाली, तो याहून उदार आहे. त्याच्या बाराव्या कलमात मृत्यूबद्दल सानुग्रह मदत आणि उपजीविकेचे साधन पुन्हा उभे करायला साहाय्य, या दोन्हींचे किमान निकष ठरवायला सांगितले आहे. मृत्यूच्या मदतीसाठी लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, ३० जून २०२१ ला निकाल मिळाला आणि प्रत्येक मृत्यूमागे ५० हजार रुपये ठरले. उपजीविकेचे शब्द त्याच कलमात आहेत. करोनातल्या बंदपुरते ते कागदावरच राहिले.

यावर नेहमीचा आक्षेप येतो: पैसा कुठून आणायचा? इंग्लंडने घरी बसलेल्या कामगाराच्या पगाराचा ८० टक्के भार उचलला, ते श्रीमंतांचे चोचले, आपल्याला परवडायचे नाहीत. मान्य. पण पुरात आपण तरी कुठे पूर्ण भरपाई देतो? मर्यादा घालून, ऐपतीप्रमाणे देतो. दुसरा आक्षेप असा की, असंघटित माणसाची नोंद नाही. पूर ओसरल्यावर ज्या यंत्रणेला वाहून गेलेल्या टपरीची नोंद करता येते, तिला उभ्या असलेल्या टपरीची का करता येऊ नये?

आणि पैशाचा प्रश्न महाराष्ट्राने एकदा सोडवून दाखवला आहे, तोही याच मातीतल्या माणसाच्या पुढाकाराने. तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग करणारे वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती होते. १९७२ च्या दुष्काळाने त्या विचाराला धार आली आणि १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारी भत्ता. त्यासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, तो पगारदाराच्या पगारातून आजही कापला जातो. ज्याचा महिना चुकत नाही त्याने, ज्याचा दिवस चुकतो त्याच्यासाठी चार पैसे द्यावेत, हे तत्त्व या राज्याने मुकाट्याने मान्य केले होते. साथीच्या बंदला तेच तत्त्व का लावू नये? ज्या आदेशाने धंदे बंद होतील, त्याच आदेशात कोणत्या धंद्याला दिवसाला किती भत्ता, नोंद कोणी आणि किती दिवसांत करायची, पालिकेच्या गाळ्याचे भाडे आणि परवाना शुल्क किती माफ, हे लिहिलेले असावे.

याचा लाभ केवळ दुकानदाराला होणार नाही. पोटाला आधार असला की माणूस घरात थांबतो, आजार लपवत नाही, मागच्या दाराने शटर उचलत नाही. आणि प्रत्येक बंद दिवसाचे पैसे तिजोरीतून जाणार असतील, तर आदेश काढणाराही हात जरा आखडता घेईल. गरज असेल तिथे बंद करील, गरज संपली की उठवील. फुकटचा बंद लांबतो, हा अनुभव आपण घेतला आहे.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये १८९७ च्या कायद्यातल्या उणिवा दाखवणारा अहवाल दिला आहे. तेव्हा कायदा आज ना उद्या बदलेल. त्या वेळी आपल्या दोन जिल्ह्यांचे आमदार-खासदार, मग ते कोणत्याही बाकावर बसलेले असोत, साथीत कोण बरोबर होते यावर पुन्हा भांडतील. मतदारांनी त्यांना एवढेच विचारावे, की त्या ‘झाल्यास’चे काय करणार? पुढची साथ कधी येईल हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आली की पहिले शटर कोणाचे खाली येणार, हे आपल्या सर्वांना आजच माहीत आहे.