वॅट मोठे, म्हणजे सफाई मोठी?

नंदुरबारात मिरची वाळायला लागली की घरात धूळ येतेच, मग व्हॅक्यूम क्लीनर हवासा वाटतो. पण खोक्यावरचे वॅट म्हणजे धूळ खेचण्याची ताकद नव्हे, विजेचा खर्च. 1600 वॅटचे यंत्र अर्धा तास चालले की 0.8 युनिट जाते. युरोपीय संघाने 2017 पासून 900 वॅटची मर्यादा घातली, तरी तिथली घरे स्वच्छच आहेत. नेहमीच्या मोटरीतले कार्बन ब्रश झिजतात, ब्रशलेस मोटरीत ते नसतातच. पिशवी भरली की हवा अडते, मोटर तापते. म्हणून ती वेळेवर रिकामी करावी.

मोटरीला मुंगी आणि धूळ सारखीच. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: कमी वॅटचे यंत्र घ्या, आणि कोपऱ्यात आधी पुंजणी फिरवा. जयणा मोटरीत नसते, आपल्या हातात असते.