काफ्री मुलांची फिर्याद

कोलकात्याच्या दक्षिणेस, बेहाला भागातील बडिशा येथे, साबर्ण रायचौधुरी घराण्याची दुर्गापूजा ज्या १६१० साली सुरू झाली असे सांगतात, त्याच साली आपल्याकडे मलिक अंबराने, म्हणजे हबशाणातून आणून हातोहात विकल्या गेलेल्या एका गुलामाने, पुढे औरंगाबाद झालेले खडकी शहर वसविले. याच बडिशाच्या आटचाला मंडपात १६९८ साली सुतानुटी, कलिकाता व गोविंदपूर या, पुढे कोलकाता झालेल्या तीन गावांचा इजारा १३०० रुपयांस ईस्ट इंडिया कंपनीस मिळाला. आणि घराण्याच्या वारसांनी २००३ साली, कंपनीचा अधिकारी जॉब चार्नॉक हा कोलकाता नगराचा संस्थापक नव्हे, असा निर्वाळा उच्च न्यायालयाकडून मिळविला, हे मला अत्यंत उचित वाटते.

परंतु त्याच नगरात, हिकीच्या वृत्तपत्रात १७८० साली, एका मृत पोर्तुगीज पाद्र्याच्या मालकीची, फ्रेंच हॉर्न उत्तम वाजविणारी, अठरा वर्षांची दोन काफ्री, म्हणजे आफ्रिकी, मुले विकणे असल्याची जाहिरात छापली गेली, तीत त्यांचे वय आहे, हुन्नर आहे, नाव मात्र नाही. ‘शाकुंतला’चे भाषांतरकार म्हणून आपण ज्यांना आदराने स्मरतो, ते न्यायमूर्ती विल्यम जोन्स १७८५ साली ज्यूरीपुढे सांगत होते की, उघड विक्रीसाठी मुलांनी भरलेल्या मोठाल्या नावा नदीतून कोलकात्यास येतात. त्या मुलांच्या वतीने फेरतपासणीचा अर्ज करणारा वारस कोणीच उरला नाही.

आमची गुलामी घरगुती व सौम्य होती, अमेरिकेतील मळ्यांसारखी नव्हे, असे आपल्यातील सुशिक्षितही समाधानाने सांगतात. परंतु पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या, त्या पळून गेल्याच्या नोंदी आहेत. ज्या घरातून जीव मुठीत धरून पळावे लागते, त्या घरच्या सौम्यतेची साक्ष धन्याकडून घेणे हा कोणता न्याय? १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामीचा हक्क मानणे सोडले, तरी स्मरणाचा हक्क अद्याप मालकांच्याच घराण्यांकडे राहिला आहे.

साबर्ण घराण्याचे संग्रहालय बडिशातच आहे. इजाऱ्याची हकीकत सांगणाऱ्या त्या भिंतींवर हिकीच्या जाहिरातीची प्रत लावावी. आणि पेशवाईची दप्तरे सांभाळणाऱ्या पुण्याच्या पुराभिलेखागाराने कुणबिणींची जी नावे दप्तरांत सापडतील, त्यांची यादी, गाव व किमतीसह, मराठीत छापून शाळांकडे पाठवावी.