पराक्रम आणि काडतुसे

युद्धाच्या बातम्यांत शौर्याला मथळा मिळतो, दारूगोळ्याची वार्ता आतल्या पानावर जाते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘आर्म्स अँड द मॅन’ या सुखात्मिकेने १८९४ मध्ये लंडनच्या रंगमंचावर हा क्रम उलटवला. पार्श्वभूमी होती १८८५च्या सर्बिया-बल्गेरिया युद्धाची. नायिका रैनाचा वाग्दत्त वर सर्जियस घोडदळाच्या हल्ल्यामुळे वीर ठरतो. प्रत्यक्षात शत्रूच्या मशीनगनसाठी चुकीची काडतुसे आलेली असतात, म्हणून तो बचावतो! हे सांगणारा स्विस भाडोत्री सैनिक ब्लंट्श्ली स्वतः काडतुसांऐवजी चॉकलेट बाळगतो.

ही केवळ थट्टा नव्हे. युरोपीय संघाने मार्च २०२३ मध्ये युक्रेनला वर्षभरात दहा लाख तोफगोळे पुरवण्याचे ठरवले. मुदतीत ते साधले नाही. २०२४च्या आरंभी युक्रेनच्या तोफखान्याला गोळे मोजून डागावे लागत होते. युरोपच्या राजधान्यांतून युक्रेनच्या धैर्याचे गुणगान मात्र अखंड सुरू होते. सैनिकाचा गौरव करण्यास खर्च येत नाही. त्याच्यापर्यंत वेळेवर दारूगोळा पोहोचवण्यास येतो. शॉ यांचा रोख शौर्यावर नाही, हा खर्च टाळून शौर्याच्या आरत्या ओवाळणाऱ्यांवर आहे. नाट्यगृहात चुकीच्या काडतुसांवर हशा पिकतो. खंदकात त्यांची किंमत प्राणांनी मोजावी लागते.