बदकाला तळं नंतर, घर आधी

'ब' बदकाचा हे आपण पहिलीतच शिकवतो. तक्त्यावरचं ते बदक कायम पाण्यात असतं. त्यामुळे परसात किंवा शाळेच्या परसबागेत बदकं पाळायचा विषय निघाला की मुलं लगेच विचारतात, "तळं कुठे खणायचं?" मोठी माणसंही तेच विचारतात. मला वाटतं, पहिला प्रश्न वेगळा हवा. रात्री ती झोपणार कुठे आणि अंडी घालणार कुठे?

तळ्यावाचून बदकाचं अडत नाही. चोच आणि डोळे बुडवून धुता येतील एवढं, वीतभर खोल पाणी रोज ताजं मिळालं तरी भागतं. घराशिवाय मात्र भागत नाही. अंधार पडला की रानमांजर, भटकी कुत्री फिरू लागतात.

बरेच जण कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यात बदकं कोंडतात. हे मला पटत नाही. कोंबडी दांडीवर बसून झोपते, बदक जमिनीवर. त्याच्या मऊ पायांना नुसता कोबा किंवा तारेची जाळी टोचते, म्हणून खाली भाताचा पेंढा किंवा तूस जाड पसरावं. बदकाची विष्ठा पातळ, त्यामुळे पेंढा लवकर ओला होतो. ओला झाला की बदलायचा, त्यात टाळाटाळ चालत नाही. वरच्या बाजूने हवा खेळती हवी. (कोकणातल्या मंडळींना पावसाळ्यातली ओल वेगळी सांगायला नको!) रात्री आत पाणी ठेवणार नसाल तर खाद्यही ठेवू नका, कोरडं खाणं बदकाच्या घशात अडकतं.

आता गणित बघा. सहा बदकं, प्रत्येकाला निदान 4 चौरस फूट, म्हणजे 24 चौरस फूट. घर 6 बाय 4 चं करायचं की 8 बाय 3 चं? क्षेत्रफळ तेच, पण एकाला भोवती 20 फूट जाळी लागते, दुसऱ्याला 22. पाचवीच्या मुलांना परिमिती याहून चांगली कशी समजावणार? अंड्यांसाठी साधारण 12 इंच रुंद, 12 उंच आणि 18 खोल असा खोका, तीन बदकांमागे एक. तो टांगायचा नाही, अंधाऱ्या कोपऱ्यात जमिनीवरच ठेवायचा.

बदकं बहुतेक अंडी सकाळी नऊच्या आत घालतात. उजाडताच सोडली तर अंडी अळवात शोधत बसावं लागतं! आणि खाकी कॅम्पबेल जातीची मादी वर्षाला 300 च्या आसपास अंडी देते खरी, पण सहसा उबवायला बसत नाही. मग ती खुडूक कोंबडीखाली ठेवतात. कोंबडीच्या अंड्यांना 21 दिवस, या अंड्यांना 28. बिचारी कोंबडी आठवडाभर जास्त बसते. मुलांना हे सांगून बघा, पुढचा तास प्रश्नांतच जातो.

"शाळेला हा व्याप कशाला?" असं काही जण म्हणतील, आणि त्यात तथ्य आहे. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत दार कोण उघडणार, हे नावानिशी ठरत नसेल तर बदकं शाळेत आणूच नयेत. हौसेने दोन पिलं आणायची, फोटो काढायचे आणि महिन्याने कुणाला तरी देऊन टाकायची, हे तर अजिबात नको. त्यापेक्षा एखाद्या पालकाच्या परसात घर बांधावं. मुलांनी तिथे जाऊन मापं घ्यावीत, नोंदवही ठेवावी. अंड्यांच्या रकान्याआधी एक रकाना मात्र हवाच : काल संध्याकाळी दार कुणी लावलं, किती वाजता.