रुधिराभिसरणाचा हिशेब

परवां दुपारीं पडवींत पंचांग चाळीत बसलों असतां आमचा धाकटा नातू जवळ आला आणि माझ्या हातावरील फुगलेल्या शिरा बोटानें दाबूं लागला. वार्धक्यांत कातडी पातळ होते व शिरा वर येतात. मुलांस त्यांची मोठी गंमत वाटते. "आजोबा, इथें दाबलें कीं पुढची शीर नाहींशीच होते!" असें तो ओरडला. त्या पोरास काय ठाऊक, कीं सुमारें चारशें वर्षांपूर्वीं विल्यम हार्वे नांवाच्या इंग्रज वैद्यानें नेमका हाच खेळ करून एक जुना भ्रम मोडून काढिला!

त्या काळीं युरोपांत गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याचें मत प्रमाण मानीत. यकृतांत अन्नापासून रक्त तयार होतें, शिरांतून अवयवांकडे जातें आणि पाटाचें पाणी शेतांत मुरावें तसें तेथेंच जिरतें, असें तें मत. हार्वेचें अध्ययन इटलींतील पादुआ येथें झालें. तेथील त्याचे गुरु फाब्रिशिअस यांनीं शिरांच्या आंतील बारीक पडदे दाखविले होते. पण त्यांचें खरें प्रयोजन गुरूंस उमगलें नाहीं, शिष्यास उमगलें. (शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा धरण्याची आपली रीतच आहे, तेव्हां शिक्षकबंधूंनीं खट्टू होऊं नये.) ते पडदे रक्तास हृदयाकडे जाऊं देतात, मागें फिरूं देत नाहींत. वाचकांनीं स्वतःच पाहावें. मनगटाजवळ एका बोटानें शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटानें तींतील रक्त कोंपराच्या दिशेनें पुढें सारावें. वरचें बोट उचललें तरी मधला भाग रिकामाच राहतो. खालचें उचलतांच भरतो.

परंतु हार्वेच्या ग्रंथांतील मला सर्वांत प्रिय भाग म्हणजे त्याचें त्रैराशिक. हा लॅटिन ग्रंथ १६२८ सालीं फ्रांकफुर्ट येथें छापला गेला. तो म्हणतो, हृदयाच्या एका ठोक्यास अर्धा औंस रक्त बाहेर पडतें असें समजा, आणि अर्ध्या तासांत ठोके १,००० च धरा. दोन्ही आंकडे वास्तविकाहून कमी आहेत. तरीहि अर्ध्या तासांत ५०० औंस, म्हणजे सुमारें १४ किलो रक्त झालें! आणि प्रौढ मनुष्याच्या सबंध देहांत रक्त असतें अवघें पांच लिटरांच्या आसपास. आजच्या मोजणीनें एका ठोक्यास सुमारें ७० मिलिलिटर, मिनिटास पांच लिटर, दिवसाकांठीं ७,००० लिटर होतात. इतकें रक्त रोज नवें करावयाचें तर कोणत्या घरचा स्वयंपाक पुरेल? तेव्हां तेंच रक्त रहाटगाडग्याप्रमाणें फिरत असलें पाहिजे.

तें फिरतें असें. देहांतून परत आलेलें काळसर रक्त हृदयाच्या उजव्या कर्णिकेंत येतें, तेथून उजव्या जवनिकेंत व मग फुप्फुसांत. तेथें प्राणवायु घेऊन तें लालभडक होतें आणि डाव्या बाजूस येतें. डावी जवनिका तें जोरानें महारोहिणींत लोटते. रोहिणींतून नीलांत तें कोणत्या वाटेनें शिरतें, हें मात्र हार्वेस दिसलें नाहीं. तो १६५७ सालीं वारला. १६६१ सालीं माल्पीघी यानें बेडकाच्या फुप्फुसांत सूक्ष्मदर्शकानें केशवाहिन्या पाहिल्या.

रोहिणीसच आपण धमनी म्हणतों. फुंकणें या अर्थाच्या 'ध्मा' धातूपासून चरकसंहितेनें तो शब्द साधिला आहे. ग्रीकांपैकीं कित्येकांस रोहिणींतून वायु वाहतो असें वाटे, कारण प्रेतांत त्या रिकाम्या आढळत. आमच्या पूर्वजांस सर्वच ठाऊक होतें असें म्हणणाऱ्यांशीं मी वाद घालीत नाहीं. हृदय हें वाहिन्यांचें मूळ, हें त्यांनीं ओळखिलें होतें. असा हिशेब मात्र मला त्यांच्या ग्रंथांत आढळला नाहीं.

हार्वेचा आणखी एक प्रयोग आहे, आणि त्याविषयीं लिहितांना माझा हात अडखळतो. दंडास पट्टी बेताची घट्ट बांधली तर रोहिणींतून रक्त येत राहतें, परत जात नाहीं, व हात फुगतो. अतिशय घट्ट बांधली तर रक्त येतच नाहीं. हात फिका व थंड पडतो. हें मीं कित्येक वर्गांस शिकविलें. परंतु नोकरीच्या पहिल्या वर्षीं, कोंकणांतील एका खेड्यांत, शाळेच्या कुंपणाशीं एका विद्यार्थ्यास साप चावला, तेव्हां मीं उपरणें फाडून त्याच्या पायास गुडघ्याखालीं बांधिलें आणि काठी घालून पिळलें. तालुक्याच्या दवाखान्यांत पोंचावयास पांच तास लागले. साप बिनविषारी असावा, असें डॉक्टर म्हणाले. पाऊल मात्र काळें पडलें होतें. दोन बोटें काढावीं लागलीं. "गुरुजी, तुम्हीच पोर वांचविलंत," म्हणून त्याची आई माझ्या पायां पडली. मी कांहींच बोललों नाहीं.

आज डॉक्टर सांगतात, कीं सर्पदंशावर आंवळून बांधूं नये, चिरूं नये, चोखूं नये. अवयव हलूं न देतां रोग्यास ताबडतोब रुग्णालयांत न्यावें. प्रतिविष तेथेंच मिळतें.

तो विद्यार्थी आतां पन्नाशीचा आहे. दिवाळींत आठवणीनें येतो, दाराशीं चपला काढतो, आणि तेवढ्यापुरता मी चष्मा पुसावयास घेतों.