एका बोल्टची किंमत

साताऱ्यात रेठरे बुद्रुकचा कृष्णा कारखाना घ्या, सांगलीत साखराळ्याचा राजारामबापू घ्या. साखरेसोबत आपल्याकडे डिस्टिलरीही चालते. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ टक्क्यांवर गेली की एक ठिणगी पुरते. म्हणून तिथे मोटार, दिवा, स्विच सगळे फ्लेमप्रूफ लागते.

फ्लेमप्रूफमध्ये वाफ शिरतच नाही, असा समज मी वायरमन मित्रांकडून नेहमी ऐकतो. तसे नाही. वाफ शिरते. आत भडका उडाला तर जाड कवच तो सोसते आणि जोडाच्या अरुंद फटीतून बाहेर येणारा वायू थंड होतो. झाकणाचा एक बोल्ट गायब असला किंवा केबलचे रिकामे तोंड उघडे राहिले, की हे संरक्षण संपले.

असा दोष पाहायला शिडी, पाना काहीच लागत नाही. आयईसी ६००७९-१७ या मानकात तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत: नुसत्या नजरेने, जवळून आणि उघडून. नियमित तपासण्यांमधले अंतर तज्ज्ञाच्या सल्ल्याशिवाय तीन वर्षांपेक्षा जास्त असू नये, असेही त्यात आहे.

पण रोज त्या मोटारीजवळून जातो कोण? कंत्राटी वायरमन, हेल्पर. आयटीआय करून आलेली आपली कितीतरी मुले याच कामावर आहेत. दोष त्यांना दिसतो, पण नोंदवहीचा पेन त्यांच्या हातात नसतो. ‘एवढा हंगाम जाऊ द्या’ हे उत्तर मी दुसऱ्याच एका कारखान्यात ऐकले आहे.

हंगामात काम थांबवणे परवडत नाही, हे मान्य. पण नजरेच्या तपासणीला काहीच थांबवावे लागत नाही. वीज तोडावी लागते ती दुरुस्तीसाठी, तीही त्या एका उपकरणाची. उलट, दुर्लक्ष किती महाग पडते ते अमेरिकेतील जॉर्जियात दिसले. ७ फेब्रुवारी २००८ रोजी तिथे साखरेच्या साठलेल्या धुळीने स्फोट झाला आणि १४ कामगार गेले.

म्हणून माझे दोन आग्रह. कारखान्यांनी मराठी तपासणीयादी द्यावी आणि कंत्राटी कामगारालाही नोंद करण्याचा हक्क द्यावा. आणि मित्रांनो, तुम्ही हे काम नीट शिकून घ्या. उपकरणावरची पाटी वाचता येणाऱ्या, झोन १ आणि झोन २ मधला फरक सांगणाऱ्या मुलाला ‘तुला काय कळतं’ म्हणून गप्प बसवणे सोपे नसते. दोष दिसला तर तोंडी सांगून थांबू नका. तारीख घालून लिहून द्या आणि एक प्रत स्वतःजवळ ठेवा.