आवाज तुटतोय? प्लॅन वाढवण्याआधी वायर बघा



ऑफिसला इंटरनेट फोन बसवला. एक नंबर, चार एक्स्टेंशन, रेकॉर्डिंग, सगळं झकास. आणि पंधरा दिवसांत ग्राहक म्हणायला लागतो, "हॅलो, तुमचा आवाज कट होतोय." मग आपण काय करतो? इंटरनेटवाल्याला फोन लावून मोठा प्लॅन घेतो. माझं स्पष्ट मत सांगतो, बहुतेक वेळा हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

साधा हिशोब करा. इंटरनेट फोनवर आवाज पाठवायची सगळ्यात जुनी, आजही सर्रास चालणारी पद्धत म्हणजे जी.७११. तिच्यात एका कॉलला जायला आणि यायला प्रत्येकी साधारण ९० केबीपीएस लागतात. दहा जण एकदम बोलले तरी १ एमबीपीएसच्या आतच काम होतं. मग १०० चा प्लॅन २०० केल्याने काय सुटणार?

प्रश्न स्पीडचा नसतो, वेळेवर पोहोचण्याचा असतो. तुमचा आवाज साधारण २०-२० मिलिसेकंदांचे तुकडे करून पाठवला जातो, म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. व्हिडिओचा तुकडा उशिरा आला तर तो जरा थांबून पुढे चालतो. फोनवर तसं थांबता येत नाही. उशिरा आलेला तुकडा फेकून दिला जातो. आणि आपल्या मराठीत एक अक्षर गेलं की आकडाच बदलतो! "एकोण..." एवढंच ऐकू आलं, तर पुढे तीस होतं की चाळीस? ऑर्डर २९ नगांची लिहिली, ग्राहकाला हवे होते ३९. उरलेल्या दहा नगांसाठी दुसरी गाडी, दुसरं भाडं कोण भरणार?

म्हणून पैसे खर्च करण्याआधी या क्रमाने बघा.

पहिलं, वायर. फोन वायफायवर असेल तर एक दिवस लॅनच्या वायरने राउटरला जोडा. वायफायवर सगळे जण एकाच हवेतून बोलतात: शेजारच्या दुकानाचा राउटर, ब्लूटूथ, कधी चहाच्या कोपऱ्यातला मायक्रोवेव्हसुद्धा. वायर लावून आवाज सुधारला, तर दुखणं सापडलं. आधीच वायर असेल तर ती बदलून बघा. खुर्चीच्या चाकाखाली चेपलेली वायर महिनोन् महिने छळते.

दुसरं, चूक घरातली की बाहेरची? वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून आधी आपल्या राउटरला आणि मग बाहेरच्या एखाद्या पत्त्याला शंभर वेळा पिंग करा. राउटरपर्यंतच उत्तरं गळत असतील, तर दोष आपल्या ऑफिसात आहे. राउटरपर्यंत सगळं ठीक आणि बाहेर गळती, तर दोष बहुधा लाइनचा. आकडे २०, २२, २१ असे आले तर छान. २०, १८०, ३५ अशा उड्या मारत असतील, तर आवाज तुटणारच. दिवसातून दोनदा, गर्दीच्या वेळी आणि निवांत वेळी, हे करा आणि फोटो काढून ठेवा. तक्रार करताना "नेट नीट चालत नाही" म्हणण्यापेक्षा हा फोटो जास्त काम करतो.

तिसरं, कोण कोणाला ऐकतंय? तुम्हाला ग्राहक नीट ऐकू येतो, पण त्याला तुम्ही तुटक ऐकू येता? मग आधी अपलोडकडे बघा. सीसीटीव्हीचं फुटेज क्लाउडवर जात असेल, कोणीतरी दुपारी बॅकअप लावला असेल. बॅकअप रात्रीवर टाका आणि राउटरमध्ये क्यूओएस ही सोय असेल, तर फोनला पहिला नंबर द्या. रस्ता कितीही रुंद असो, ट्रकच्या रांगेत ॲम्ब्युलन्सला वाट करून द्यावीच लागते.

चौथं, एका बाजूचा आवाज अजिबातच येत नाही? हे तुटण्यापेक्षा वेगळं दुखणं आहे. इथे बहुतेकदा राउटरची किंवा फायरवॉलची सेटिंग आडवी येते. राउटरमधलं सिप एएलजी बंद करायचं का, हे फोन सेवा देणाऱ्याला विचारा. अनेकदा तेवढ्यानेच काम होतं.

पाचवं, घुमतंय? आपलाच आवाज आपल्याला परत ऐकू येत असेल, तर कारण बहुधा समोरच्याच्या स्पीकरमध्ये असतं. ग्राहक तशी तक्रार करत असेल, तर आपला स्पीकरफोन बंद करा, आवाज कमी करा.

एवढं सगळं करूनही लाइनच गळत असेल, तर प्लॅन नाही, लाइन बदला. आणि दुकानात तुम्ही एकटेच फोन घेत असाल, तर इंटरनेट फोनच्या भानगडीत पडूच नका, साधा मोबाईल पुरतो. शोभेसाठी यंत्रणा घेऊ नका.

शेवटी एक गोष्ट. आवाज तुटला की आपण काउंटरवरच्या मुलीला म्हणतो, "जरा मोठ्याने बोल ना!" तिने कितीही घसा ताणला तरी हरवलेला तुकडा परत येत नाही. आणि दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणून कंटाळलेला ग्राहक तक्रार करत बसत नाही, तो पुढच्या दुकानाला फोन लावतो. ते नुकसान तुमच्या कुठल्याच वहीत दिसत नाही.

म्हणून उद्या दुकान उघडलं की आपल्याच मोबाईलवरून आपल्याच ऑफिसला फोन लावा आणि दहा आकडे सांगून लिहून घ्यायला सांगा. दहाच्या दहा बरोबर आले तर उत्तम. एक जरी चुकला, तर वायरपासून सुरुवात करा.